एकाच कॉलेजची १५ पोरं एका ड्राफ्टमध्ये! जॉर्जियाच्या विक्रमामागचं गणित नेमकं काय?

तारीख २८ एप्रिल २०२२, गाव लास वेगास. अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत लीगचे, म्हणजे एनएफएलचे कमिशनर रॉजर गुडेल माइकसमोर आले आणि त्यांनी पहिलं नाव घेतलं. ट्रेव्हॉन वॉकर, कॉलेज जॉर्जिया.

मग तेराव्या नंबरला जॉर्डन डेव्हिसचं नाव आलं. कॉलेज, जॉर्जिया. बाविसाव्या नंबरला क्वे वॉकर, अठ्ठाविसाव्याला डेव्हॉन्टे वायट आणि बत्तिसाव्याला लुईस सीन. हे तिघंही जॉर्जियाचेच. पहिल्याच रात्री एका कॉलेजचे पाच जण गेले आणि पाचही जण डिफेन्समधले होते. एकाच डिफेन्समधून पहिल्या फेरीत पाच जण जाणं हे तोवर कधीच झालं नव्हतं.

पुढच्या दोन दिवसांत आणखी दहा गेले. टोटल झाली १५.

ड्राफ्ट सात फेऱ्यांचा झाला तो १९९४ पासून. तेव्हापासून एका वर्षात एका कॉलेजचे जास्तीत जास्त १४ खेळाडू निवडले गेले होते. २००४ ला ओहायो स्टेटचे आणि २०२० ला एलएसयूचे. जॉर्जियानं तो आकडा मागं टाकला. त्याआधी, फेऱ्या बारा असायच्या त्या काळात १९८४ ला टेक्सासचे १७ गेले होते, पण बारा फेऱ्यांची आणि सात फेऱ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या एका कॉलेजची पोरं तिकडच्या लीगमध्ये गेली, त्यात आपल्याला काय? तर मुद्दा असा आहे की हा १५ चा आकडा जॉर्जियाचं कॉलेज पुढची कित्येक वर्षं मिरवणार आहे. शाळेतल्या पोरांच्या घरी जाऊन सांगणार आहे की, आमच्याकडे या, तुमचं पण नाव असंच पुकारलं जाईल. पण ज्या १५ जणांचा मिळून हा आकडा झाला त्यांचं पुढं काय झालं, आणि ज्यांचं नाव पुकारलंच गेलं नाही त्यांचं काय, हे त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून हे सगळं प्रकरण जरा सुरुवातीपासून बघू.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नाही

पहिली गोष्ट, हा फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला फुटबॉल नाही. लांबट बॉल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि एकमेकांना धडका. तो फुटबॉल.

दुसरी गोष्ट, ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. आयपीएलमध्ये ज्याच्या पर्समध्ये पैसे जास्त तो खेळाडू उचलतो. इथं ३२ टीम रांगेत उभ्या असतात आणि आदल्या सीझनमध्ये जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. सुपर बोल जिंकणारी टीम शेवटी. प्रत्येक टीम आपल्या नंबरवर एक खेळाडू निवडते. अशा सात फेऱ्या होतात. आपला नंबर दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काहीतरी घेता येतं, त्यामुळं प्रत्यक्षात बरीच अदलाबदल होते, पण ढाचा हाच.

खेळाडूला मात्र काहीच निवडता येत नाही. ज्या टीमनं नाव घेतलं तिकडं बॅग भरून जायचं. २०११ पासून तर पगारही जवळपास ठरलेलाच असतो. पहिल्या नंबरला इतके, दुसऱ्याला त्याहून थोडे कमी, असं खाली खाली उतरत जातं. ट्रेव्हॉन वॉकरला पहिल्या नंबरमुळं चार वर्षांसाठी ३ कोटी ७४ लाख डॉलर मिळाले, म्हणजे आपले तीनशे कोटींच्या वर. सहाव्या-सातव्या फेरीतल्या पोराला जवळपास किमान पगार मिळतो. तोही टीममध्ये टिकला तरच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येताच येत नाही. युरोपातल्या सॉकर क्लबसारख्या एनएफएलच्या टीमच्या स्वतःच्या अकॅडमी नाहीत, ज्युनियर टीम नाहीत. ती तीन-चार वर्षं पोरं कॉलेजात खेळतात. त्यांना वाढवण्याचा खर्च कॉलेज करतं, दुखापतीचा धोका पोरगा घेतो आणि तयार माल एनएफएलला फुकटात मिळतो. जगातल्या कुठल्याच लीगला इतकी स्वस्त नर्सरी मिळाली नसेल.

ही पद्धत सुरू झाली १९३६ ला. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची टीम सारखी हरायची आणि चांगली पोरं मोठ्या टीमकडं जायची, म्हणून त्यांनीच ही कल्पना मांडली. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला शिकागो युनिव्हर्सिटीचा जे बरवँगर. गंमत म्हणजे तो एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. पैसे पुरेसे वाटले नाहीत म्हणून त्यानं दुसरं काम धरलं. तेव्हा ड्राफ्ट हा हॉटेलच्या एका खोलीत उरकायचा विषय होता. २०२४ ला डेट्रॉइटमध्ये तोच ड्राफ्ट बघायला तीन दिवसांत पावणेआठ लाख लोक आले. मॅच नाही हां, फक्त नावं पुकारताना बघायला.

पोरं घडवली की गोळा केली?

जॉर्जिया युनिव्हर्सिटी आहे अथेन्स नावाच्या गावात, अटलांटापासून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. टीमचं नाव बुलडॉग्स. त्यांच्या सॅनफर्ड स्टेडियममध्ये नव्वद हजारांहून जास्त लोक बसतात. कॉलेजची मॅच बघायला नव्वद हजार! वानखेडेमध्ये जितके मावतात त्याच्या जवळपास तिप्पट.

तरी ही टीम १९८० नंतर एकदाही नॅशनल चॅम्पियन झाली नव्हती. २०१५ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी कर्बी स्मार्ट यांना हेड कोच म्हणून आणलं. स्मार्ट स्वतः नव्वदच्या दशकात जॉर्जियाकडून खेळलेले. त्यांना मात्र ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या कॅम्पपर्यंत गेले आणि तिथून बाहेर पडले. पुढं कोचिंगमध्ये आले आणि अलाबामामध्ये निक सेबन यांच्या हाताखाली डिफेन्स सांभाळत तयार झाले.

सेबन यांची अलाबामा म्हणजे या धंद्यातलं मोठं दुकान. २००९ पासून २०२५ पर्यंत एकही ड्राफ्ट असा गेला नाही की पहिल्या फेरीत अलाबामाचा खेळाडू नाही. २०२१ ला तर एकट्या पहिल्या फेरीत त्यांचे सहा गेले. त्याआधी हा मान मायामीकडं होता. त्यांच्या २००१ च्या टीममधले ३८ जण वेगवेगळ्या वर्षांत ड्राफ्टमध्ये निवडले गेले आणि त्यातले १७ पहिल्या फेरीत. थोडक्यात, स्मार्ट यांनी सेबन यांच्याकडून फक्त डिफेन्स उचलला नाही, अख्खी सिस्टिम उचलली.

ती सिस्टिम सुरू होते शाळेपासून. अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना रिक्रुटिंगच्या वेबसाइट स्टार देतात. पाच स्टार म्हणजे देशातले मोजके तीसेक. मोठी कॉलेजेस या पाच आणि चार स्टारवाल्यांच्या मागं लागतात. कोच घरी जातात, आईवडिलांशी बोलतात, पोराला कॉलेज दाखवायला आणतात. स्मार्ट शाळांच्या मॅचला हेलिकॉप्टरनं उतरायचे. २०१८ आणि २०२० ला जॉर्जियानं गोळा केलेली बॅच देशात पहिल्या नंबरची मानली गेली. ट्रेव्हॉन वॉकर, नकोबी डीन, जॉर्ज पिकन्स हे सगळे आले तेव्हाच पाच स्टारवाले होते.

म्हणजे कॉलेजनं खेळाडू घडवले की घडलेले गोळा केले?

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. दादरच्या शारदाश्रम शाळेतून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, अजित आगरकर निघाले. पण सचिन आधी वांद्र्याच्या शाळेत होता आणि क्रिकेटसाठी त्यानं शाळा बदलावी, हा सल्ला रमाकांत आचरेकर सरांचा. शारदाश्रमनं कसोटीपटू घडवले असं आपण म्हणतो तेव्हा गुणी पोरं आधीच तिथं आणली गेली होती, हेही खरं असतं. आणि आचरेकर सरांशिवाय ती तशीच घडली असती असंही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

जॉर्जियाचंही तसंच आहे. जॉर्डन डेव्हिस आला तेव्हा तीन स्टारवाला होता. अंगानं अवाढव्य, पण दमायचा लवकर. तोच पोरगा चार वर्षांनी, १५० किलोपेक्षा जास्त वजन घेऊन, ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पळाला आणि स्टॉपवॉच धरून बसलेल्यांना घड्याळ बिघडलंय का असं वाटलं. लॅड मॅकॉन्कीही तीन स्टारवाला. २०२४ ला दुसऱ्या फेरीत गेला. माझ्या मते कॉलेजचं खरं श्रेय मोजायचं असेल तर असे किती निघाले ते मोजावं. पाच स्टारवाला पहिल्या फेरीत गेला यात विशेष काय, तो तर त्याचसाठी आणला होता.

बेंचवर बसलेलेही निवडले गेले

२०२१ च्या सीझनमध्ये जॉर्जियाच्या डिफेन्सनं मॅचला सरासरी १०.२ पॉइंट दिले. या खेळात समोरच्या टीमनं वीस-पंचवीस पॉइंट करणं अगदी नेहमीचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. १० जानेवारी २०२२ ला त्यांनी फायनलमध्ये अलाबामालाच ३३-१८ हरवलं आणि ४१ वर्षांचा दुष्काळ संपवला.

पण या डिफेन्समध्ये एक गोष्ट विचित्र होती. कुणाचेच वैयक्तिक आकडे फार मोठे नव्हते. ट्रेव्हॉन वॉकरनं अख्ख्या सीझनमध्ये क्वार्टरबॅकला सहा वेळा पाडलं. त्याच वर्षी मिशिगनचा एडन हचिन्सन १४ वेळा यशस्वी झाला होता आणि पहिला नंबर त्याचाच जाणार असं बरेच दिवस बोललं जात होतं. पण पहिला गेला वॉकर, हचिन्सन दुसरा.

कारण काय? चांगल्या खेळाडूंची गर्दी. जॉर्जिया सतत पोरं बदलायची. आठ-दहा जण आलटून पालटून मैदानात, म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांतही सगळे ताजेतवाने. समोरची टीम दमलेली आणि यांची दुसरी फळी आत्ताच पाणी पिऊन आलेली. टीमसाठी हे भारी होतं, खेळाडूच्या आकड्यांसाठी नाही. चॅनिंग टिंडल बहुतेक वेळा बदली म्हणून उतरायचा, तोही तिसऱ्या फेरीत मायामी डॉल्फिन्सनं घेतला. एनएफएलवाल्यांचा हिशोब साधा होता. जो इतक्या गर्दीत खेळायला मिळवतो तो दुसरीकडं स्टारच असणार. वॉकरच्या बाबतीत त्याची १२३ किलोची काया आणि ४.५१ सेकंदांची धाव बघून जॅक्सनव्हिलनं जुगार खेळला.

या गर्दीची दुसरी बाजूही त्याच रात्री दिसली. पहिल्या फेरीत सव्विसाव्या नंबरला न्यूयॉर्क जेट्सनं जर्मेन जॉन्सनला घेतलं. कॉलेज म्हणून नाव आलं फ्लोरिडा स्टेटचं. पण हा जॉन्सन त्याआधी दोन वर्षं जॉर्जियात होता! तिथं रांग मोठी म्हणून तो फ्लोरिडा स्टेटला गेला, तिथं रोज खेळला आणि त्यांच्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू ठरला. उलट डेरियन केंड्रिक क्लेम्सनमधून जॉर्जियात आला, एक सीझन खेळला आणि १५ मध्ये मोजला गेला.

नियम असा की शेवटचं कॉलेज जे असेल त्याच्या खात्यात खेळाडू जातो. जो बरो तीन वर्षं ओहायो स्टेटमध्ये बेंचवर होता, मग एलएसयूला गेला आणि २०२० ला ड्राफ्टमध्ये पहिला आला. श्रेय एलएसयूचं. जस्टिन फिल्ड्स जॉर्जियातून ओहायो स्टेटला गेला आणि २०२१ ला पहिल्या फेरीत निवडला गेला. श्रेय ओहायो स्टेटचं. आता ट्रान्सफर पोर्टलमुळं पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, त्यामुळं अमुक कॉलेजचे इतके खेळाडू हा आकडा आणखीच भोंगळ झाला आहे. तरी सोशल मीडियावर दर एप्रिलला याच आकड्यांचे ग्राफिक फिरतात. कारण कॉलेजसाठी यापेक्षा भारी जाहिरात नाही.

मग त्या १५ जणांचं काय झालं?

काहींचं मस्त झालं. जेम्स कुक दुसऱ्या फेरीत बफेलो बिल्सकडं गेला आणि २०२४ च्या सीझनमध्ये त्यानं १६ वेळा बॉल घेऊन धावत टचडाउन केलं. जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन ईगल्सकडं गेले. पुढच्या वर्षी ईगल्सनं जॉर्जियाचेच आणखी तिघं उचलले, जेलन कार्टर, नोलन स्मिथ आणि केली रिंगो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनं कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ हरवून सुपर बोल जिंकला. त्या डिफेन्समध्ये जॉर्जियाची पोरं इतकी होती की फिलाडेल्फियात त्यांना वेगळं टोपणनावच पडलं.

पण नकोबी डीन त्या दिवशी मैदानात नव्हता. काही आठवडे आधी प्लेऑफच्या पहिल्याच मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला. हा डीन कॉलेजात देशातला सर्वोत्तम लाइनबॅकर म्हणून बटकस अवॉर्ड जिंकलेला. ड्राफ्टच्या आधी दुखापतीच्या बातम्या आल्या, उंचीही कमी म्हटली गेली आणि पहिल्या फेरीतला समजला जाणारा पोरगा घसरत घसरत ८३ व्या नंबरला गेला. नंबर घसरला की पगारही घसरतो. पहिल्या फेरीत चार वर्षांचे एक ते पावणेचार कोटी डॉलर असतात, तिसऱ्या फेरीत पन्नास-साठ लाखांवर येतात.

लुईस सीनचं तर आणखी वाईट झालं. पहिल्या रात्रीचा शेवटचा नंबर, मिनेसोटा वायकिंग्स. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनला मॅच होती, त्यात त्याचा पाय मोडला. हाड बाहेर येईपर्यंत. तिथंच ऑपरेशन करावं लागलं. तो परत उभा राहिला, पण टीममध्ये जागा काही मिळाली नाही आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वायकिंग्सनं त्याला सोडून दिलं. ड्राफ्टच्या रात्रीनंतर सव्वादोन वर्षांत.

कॉलेजच्या भिंतीवर सीनचं नाव वॉकर आणि डेव्हिसच्या शेजारीच असतं. १५ म्हणजे १५.

आणि आता त्याच ड्राफ्टचा शेवटचा नंबर बघा. २०२२ ला एकूण २६२ जण निवडले गेले. २६२ वा होता आयोवा स्टेटचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी. शेवटच्या नंबरवाल्याला अमेरिकेत चेष्टेनं मिस्टर इरेलेव्हंट म्हणतात, म्हणजे असून नसल्यासारखा. हा पर्डी दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला आणि मे २०२५ मध्ये त्यानं पाच वर्षांचा साडेसव्वीस कोटी डॉलरचा करार केला. टॉम ब्रेडीही २००० साली १९९ वा निवडला गेला होता. पॅट्रिक माहोम्स टेक्सास टेकचा, जॉश ॲलन वायोमिंगचा. ही दोन्ही कॉलेजेस ड्राफ्टच्या यादीत अलाबामा, जॉर्जियाच्या आसपासही नसतात. मोठ्या कॉलेजात गेलं की ड्राफ्टचे चान्स वाढतात हे खरं, पण त्यापुढं काय होणार हे कुठलंच कॉलेज सांगू शकत नाही.

ज्यांचं नाव आलंच नाही

कॉलेजची सर्वोच्च संस्था असलेल्या एनसीएएचाच हिशोब आहे की तिच्या कॉलेजांमधून ड्राफ्टला पात्र झालेल्या फुटबॉल खेळाडूंपैकी साधारण १.६ टक्केच एनएफएलमध्ये जातात. शंभरात दोन पण नाहीत. २०२५ ला एकट्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समधून, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, टेक्सास ज्यात खेळतात तिथून, ७९ जण गेले. एकूण जागा होत्या २५७. जवळपास तीसेक टक्के जागा सोळा कॉलेजांनी खाल्ल्या. उरलेल्या शेकडो कॉलेजांनी उरलेल्यात भागवायचं.

निवडले गेले तरी उन्हाळ्यात कॅम्पला ९० जण असतात आणि ऑगस्ट संपता संपता टीम ५३ वर आणतात. खेळाडूंच्या संघटनेचा जुना अंदाज आहे की एनएफएलमधलं सरासरी करिअर साडेतीन वर्षांच्या आतच असतं. लीगला हा आकडा मान्य नाही, ते म्हणतात पहिल्या सीझनला टीममध्ये टिकलेल्यांचं बघा, सहा वर्षं भरतील. पण मग जे टिकलेच नाहीत ते कुणाच्या हिशोबात?

आणि हा खेळ डोक्यानं किंमत वसूल करतो. बोस्टन युनिव्हर्सिटीनं २०१७ ला मृत खेळाडूंच्या दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास छापला. एनएफएल खेळलेल्या १११ पैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई नावाचा आजार सापडला. वारंवार धडका बसून होणारा, स्मरणशक्ती आणि स्वभाव दोन्ही पोखरणारा. ज्यांच्यात लक्षणं दिसली त्यांच्याच घरच्यांनी बहुधा मेंदू दिले असणार, त्यामुळं सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण त्याच अभ्यासात फक्त कॉलेजपर्यंत खेळलेले ५३ जण होते आणि त्यातल्या ४८ जणांना सीटीई होता. त्यांना ना ड्राफ्टचा पैसा मिळाला, ना एनएफएलची पेन्शन.

पैसा कुठं होता आणि आता कुठं आहे

२०२१ च्या जुलैपर्यंत कॉलेजच्या खेळाडूला स्कॉलरशिप, राहणं, खाणं आणि किरकोळ भत्ता एवढंच मिळायचं. स्वतःच्या नावाचा टी-शर्ट विकून चार पैसे घेतले तरी कारवाई व्हायची. स्टेडियम भरायचं, टीव्हीचे करार व्हायचे, कोचला करोडो मिळायचे. कर्बी स्मार्ट यांना जॉर्जिया आता वर्षाला १ कोटी ३० लाख डॉलर देते, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या वर. अशा वेळी पोरांसाठी ड्राफ्ट हाच पहिला पगार होता. चार वर्षांच्या धडकांची उधारी त्या एका रात्री वसूल होणार, किंवा होणार नाही. जॉर्जियासारख्या कॉलेजांचं आकर्षण यातूनच तयार झालं. आम्ही पैसे देऊ शकत नाही, पण पैशांपर्यंत नेऊन सोडतो.

२०२१ च्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिराती करायची परवानगी मिळाली. आणि जून २०२५ मध्ये कोर्टानं एक मोठी तडजोड मंजूर केली, तिला हाउस सेटलमेंट म्हणतात. त्यानुसार २०२५-२६ पासून कॉलेज आपल्या सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, २०२५-२६ साठी ही मर्यादा सगळ्यांची मिळून २ कोटी ५ लाख डॉलर होती. मागच्या खेळाडूंसाठी दहा वर्षांत २८० कोटी डॉलर वेगळे.

याचा ड्राफ्टवर लगेच परिणाम दिसला. शिक्षण अर्धवट सोडून लवकर ड्राफ्टला येणाऱ्यांची संख्या २०२१ ला सव्वाशेच्या घरात होती, २०२४ ला ती साठच्या आत आली. सोपं आहे. पाचव्या-सहाव्या फेरीत जाऊन टीममधून काढून टाकण्याची भीती बाळगण्यापेक्षा आणखी एक वर्ष कॉलेजात थांबून तेवढेच किंवा जास्त पैसे मिळत असतील तर थांबलेलं बरं. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेकनं डिसेंबर २०२४ मध्ये ड्राफ्टला जाणार असं जाहीर केलं होतं. कोपराला दुखापत झालेली होती. जानेवारीत त्यानं विचार बदलला आणि तो मायामी युनिव्हर्सिटीला गेला. कराराच्या बातम्या कित्येक लाख डॉलरच्या होत्या.

जॉर्जियाचं दुकान मात्र चालू आहे. २०२३ ला १०, २०२४ ला ८ आणि २०२५ ला १३.

त्या २०२३ च्या दहामधलं एक नाव स्टेटसन बेनेट. सलग दोन चॅम्पियनशिप जिंकणारा जॉर्जियाचा क्वार्टरबॅक. दुसरी फायनल तर ६५-७ नं. पण हा पोरगा २०१७ ला आला तेव्हा वॉक-ऑन होता. म्हणजे त्याला कुणी बोलावलं नव्हतं, स्कॉलरशिप नव्हती, स्वतःच्या खर्चानं येऊन सरावाला उभा राहायचा. मध्ये एक वर्ष मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजात गेला, परत आला आणि दुसऱ्याला दुखापत झाली म्हणून खेळायला मिळालं. ड्राफ्टमध्ये १२८ व्या नंबरला लॉस एंजेलिस रॅम्सनं त्याचं नाव घेतलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

हाउस सेटलमेंटमध्ये पैशांबरोबर आणखी एक कलम आलं. आधी स्कॉलरशिप ८५ जणांनाच देता यायची, पण त्यापलीकडं वॉक-ऑन किती ठेवायचे यावर बंधन नव्हतं. आता सेटलमेंट मान्य केलेल्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये १०५ च्या वर पोरं ठेवता येत नाहीत. त्यामुळं बऱ्याच कॉलेजांतून पहिली नावं कमी झाली ती वॉक-ऑनची.